धुळपाटी ते ‘ग म न’ : आमच्या बडोद्याच्या घरातली अक्षरओळख

आपण एखाद्या कामाला हात घातला की ‘श्रीगणेशा केला’ म्हणतो. जुनी माणसं ‘ओनामा झाला’ असंही म्हणत. हे दोन्ही शब्द मुलांच्या पाटीवरून आपल्या बोलण्यात उतरले आहेत. पंतोजींच्या शाळेत मूल आधी ‘श्रीगणेशाय नमः’ गिरवायचं आणि त्यामागोमाग ‘ओं नमः सिद्धम्’. हे दुसरं वाक्य पोरांच्या तोंडी ‘ओनामासीधं’ झालं आणि पुढे त्याचा नुसता ‘ओनामा’ उरला. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत अक्षरओळखीवर लेख का, असं कुणी विचारू नये.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला आता वीसहून अधिक वर्षं झाली. अक्षरांशी माझा व्यावसायिक संबंध म्हणाल तर एवढाच, की डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या सरांनी दोन रेघांच्या मध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरं महिनाभर गिरवून घेतली होती. या विषयात मी शिरलो तो आमच्या धाकटीमुळे. ती पाच वर्षांची असताना तिला घरी मराठी अक्षरं शिकवायला बसलो आणि सपशेल नापास झालो. मग ‘आपल्या आजे-पणज्यांना कसं शिकवत होते?’ हे पाहायला लागलो. मिळेल तेव्हा मिळेल ते वाचत गेलो, त्यातलं थोडं इथे मांडतो.

आधी माझं नापास होणं सांगतो. धाकटी इंग्रजी माध्यमात जाते, शाळेत गुजराती हा विषय आहे, घरात मराठी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज हेच आहे. मी उत्साहाने आधी अ, आ, इ, ई घेतलं, मग क, ख, ग. प्रत्येक अक्षरावर रेघ द्यायला बजावून सांगितलं. पोरगी आज्ञाधारक. तिने शाळेच्या गुजराती वहीतही प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ मारली. वही घरी आली ती लाल गोळ्यांनी भरलेली, आणि खाली सूचना, की पालकांनी घरी चुकीचं शिकवू नये. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या बाईंचंही त्यांच्या जागी बरोबरच होतं. पण त्यानंतर तीन-चार महिने धाकटीने मराठी पाटीला हात लावला नाही. ‘रेघवाली अक्षरं नकोत’ म्हणायची. माझी आई हे सगळं पाहत होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘अरे, आम्ही शिकलो तेव्हा कुणी इतकी घाई केली नव्हती.’’

घाईवरून एक जुनी गोष्ट आठवली. ती सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे आणि घडते आपल्या पैठणात. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी पाण्याच्या माऱ्याने थकली आणि संस्कृतात म्हणाली, मला पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी झाला ‘मोदकैः’. राजाला संधी ठाऊक नव्हता. त्याने ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली आणि राजाला इतकी लाज वाटली, की त्याने अन्नपाण्यावर वासना ठेवली नाही. व्याकरण शिकायला बारा वर्षं लागतात, असं तेव्हा मानत. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. शर्ववर्म्याने पैज जिंकली. त्यासाठी रचलेलं सोपं व्याकरण म्हणजे ‘कातंत्र’. वर्णांचा क्रम आधीपासून सिद्धच आहे, असं त्याचं पहिलं सूत्र सांगतं. मुलांच्या ‘ओनामासीधं’मधल्या ‘सिद्धम्’चा धागा जाणकार याच परंपरेशी जोडतात. गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न सोडा. अक्षरं कशी जोडली जातात हे न कळल्यामुळे एका मोठ्या माणसाची फजिती होते आणि त्याला शिकवायला कुणीतरी सोपी वाट शोधतो, हे मला आवडलं.

सातव्या शतकात भारतात राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनेही लिहून ठेवलं आहे, की इथली मुलं सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ शिकायला लागतात; त्यात ४९ अक्षरं असतात, ती एकमेकांशी जोडून अठरा प्रकरणं होतात आणि हे सगळं मुलं सहा महिन्यांत पुरं करतात. आपली बाराखडी याच घराण्यातली. एक व्यंजन घ्यायचं आणि त्याला ओळीने बारा स्वर लावायचे. गुजरातीतही तिला बाराखडीच म्हणतात, आणि काना-मात्रा हे शब्दही दोन्हीकडे जवळजवळ तेच. एका घरातल्या दोन बहिणी वेगवेगळ्या गावी दिल्या, तसा हा प्रकार आहे.

पंतोजींच्या शाळेत कागद नव्हता. लाकडी पाटीवर विटकरीची बारीक पूड किंवा धूळ पसरायची आणि बोटाने नाहीतर टोकदार काडीने अक्षर उमटवायचं. ही धुळपाटी, आणि त्यावरची ती धुळाक्षरं. पाटी हलवली की अक्षर गेलं, चूकही गेली. लाल गोळ्याची सोयच नाही! हात बसला की मग बोरू आणि कित्ता. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार आपण आज थोरामोठ्यांच्या चरित्रापुढे वापरतो, पण कित्ता म्हणजे साधा नमुना. पंतोजींनी वर सुंदर ओळ काढून द्यायची आणि पोराने खाली ती उतरवायची.

या धुळीने एकदा मोठा प्रवासही केला. मद्रासला गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने एका देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं काढताना आणि मोठी मुलं लहानांना शिकवताना पाहिली. त्याने ते आपल्या शाळेत आणलं, १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं आणि इंग्लंडात गरिबांच्या शाळांतून वाळूचे ताट फिरू लागले. पुढे तीच पद्धत ‘विलायती सुधारणा’ म्हणून मुंबई इलाख्यातल्या शाळांत परत आली. आपलंच ताट आपल्याला वाढलं गेलं, म्हणायचं.

आता रेघेबद्दल, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं. पेशवाई आणि गायकवाडी दप्तरं मोडीत आहेत. मोडी लिहिताना आधी पानावर आडवी रेघ ओढत आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जात. हात फारसा उचलायचा नाही. देवनागरीत उलटं. आधी अक्षर, शेवटी त्याच्या डोक्यावर रेघ. तिला शिरोरेघा म्हणतात. आणि गुजरातीत रेघच नाही. याचं कारण मला फार उशिरा कळलं. जुन्या गुजराती पोथ्या देवनागरीतच लिहीत. आज आपण जिला गुजराती लिपी म्हणतो ती व्यापाऱ्यांच्या हिशेबाची, पत्रव्यवहाराची लिपी होती. तिला वाणियाशाई, शराफी, महाजनी अशी नावं होती. दुकानावर गिऱ्हाईक उभं असताना डोक्यावर रेघा कोण मारत बसणार? १७९७ सालीच, म्हणजे बेलचं पुस्तक आलं त्याच वर्षी, ‘बॉम्बे कुरियर’ पत्रात गुजराती टायपात एक जाहिरात छापली गेली. पुढे छापखान्याने ही बाजारातली लिपी पुस्तकात आणि शाळेत नेली.

म्हणजे मोडी ही कारकुनाच्या घाईची लिपी आणि गुजराती दुकानदाराच्या घाईची. या दोघींच्या मध्ये जी सावकाश, मोकळी, एकेक अक्षर सुटं लिहायची लिपी, तिला आपल्या लोकांनी नाव दिलं ‘बाळबोध’, म्हणजे बाळालाही बोध होईल अशी. आज ‘बाळबोध’ म्हणजे भाबडं, असा अर्थ झाला आहे. पण आपल्या लिपीचं नावच मुलावरून पडलं आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर समजलं. मोडी १९५० च्या सुमारास शाळांतून गेली. आमच्या पणजोबांची मोडी पत्रं आमच्या ट्रंकेत आहेत; ती वडलांना अडखळत वाचता यायची, मला एक ओळही येत नाही. एका पिढीत लिपी कशी हातातून निसटते त्याचा पुरावा घरातच आहे, म्हणून धाकटीने पाटी टाकल्यावर मला झोप लागेना.

बडोद्यात बसून अक्षरओळखीवर लिहायचं आणि सयाजीराव महाराजांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. पण मला इथे संस्थानचे राजे सयाजीराव नकोत, बारा वर्षांचा गोपाळराव हवा आहे. मे १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून आणलेला हा मुलगा जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतला, तेव्हा त्याला लिहिणं-वाचणं जवळजवळ येत नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातला पोर, एका दिवसात राजा झाला, आणि बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून बसला. तेही मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चार भाषा एकदम. रेघवाली अक्षरं, बिनरेघेची अक्षरं, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं आणि इंग्रजी. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक होते. सहा वर्षांनी, १८८१ च्या डिसेंबरात, त्याच मुलाने राज्याचा कारभार हाती घेतला. पुढे १८९३ मध्ये अमरेली भागातल्या दहा गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू झालं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू झालं. हिंदुस्थानात तोवर कुणी हे केलं नव्हतं. उशिरा अक्षर पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत जास्त कळली असावी, असा माझा आपला तर्क. मला मात्र त्यातून वेगळाच धीर आला. चार लिप्यांचा गोंधळ धाकटीच्या आधी या गावात आणखी कुणाच्या तरी डोक्यात झाला होता, आणि तो निस्तरला होता.

शिकवायचं कसं, याचं उत्तर मात्र राजवाड्यात सापडलं नाही. ते भावनगरात सापडलं. तिथे वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. काही वर्षांनी त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. मराठी बाई, राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या, ते सोडून लहान मुलांत येऊन बसल्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी गुजरातीत लिहिलं, मराठीत लिहिलं, आणि पुढे दादर, बोर्डी, कोसबाड असा त्यांचा प्रवास झाला. आजची अंगणवाडी हे त्यांच्याच कामाचं रोप. गुजरातेत काम केलेल्या मराठी माणसांची यादी आपण कार्यक्रमांतून वाचतो, तेव्हा त्यात ताराबाईंचं नाव बरेचदा राहून जातं. ते राहू नये.

या मंडळींनी मॉन्टेसरी पद्धत आणली. तिच्यात खरखरीत कागदाची अक्षरं असतात. मूल दोन बोटं त्यावरून फिरवतं आणि अक्षराचा आवाज म्हणतं. नाव नव्हे, आवाज. इंग्रजीत हा फरक लगेच कळतो. ‘सी, ए, टी’ ही नावं कितीही भराभर म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. धाकटीने एकदा मला विचारलं, ‘‘बाबा, एबीसीडीतल्या ‘डब्ल्यू’चं नाव केवढं मोठं आहे! मग आपल्या ‘क’चं नाव काय?’’ मी म्हटलं, ‘‘क.’’ ती म्हणाली, ‘‘आणि आवाज?’’ म्हटलं, ‘‘तोच. क.’’ तिला हे फारच सोयीचं वाटलं. आपल्या लिपीची ही श्रीमंती आपल्याला घरबसल्या मिळालेली, म्हणून तिची किंमत नाही.

पण तिथेही एक मेख आहे. पंतोजींच्या चालीवर ‘क ला काना का, पहिली वेलांटी कि’ असं मूल धडाधड म्हणतं, ती काना-वेलांटीची नावं असतात. धाकटी बाराखडी गाण्यासारखी म्हणायची आणि डब्यावरच्या ‘खीर’ शब्दापाशी अडायची, कारण तिला ‘ख’ची ओळ ‘ख’पासूनच म्हणावी लागायची. धुळीतल्या बोटाचा स्पर्श पंतोजींकडे होता आणि भावनगरच्या बालमंदिरातही होता. भावनगरने त्यात आवाज आधी आणला, घोकंपट्टी मागे नेली. आम्ही तेच केलं. आईने परातीत रवा पसरला, पाटी कपाटात ठेवली.

आणि अक्षरांचा क्रम बदलला. मराठीत ‘ग म भ न’ हा शब्दच अक्षरओळखीचं दुसरं नाव झाला आहे. काढायला सोपी अक्षरं आधी, हे त्यामागचं तत्त्व. ‘अ’ हे अक्षर क्रमात पहिलं असलं तरी पाच वर्षांच्या बोटांना ते किती अवघड जातं ते बसून पाहावं. गुजराती पहिलीतली मुलंही ‘ग म न ज’ने सुरुवात करतात. मी दोन्ही ओळी कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि मला एकदम दिसलं, की ग, म, न ही तीन अक्षरं दोन्ही लिप्यांत जवळपास तीच आहेत. नुसती रेघ काढली की गुजराती, रेघ दिली की मराठी! शिवाय गुजरातीतही ‘ग’ गणपतीचाच. मी धाकटीला म्हटलं, ‘‘हा ग शाळेत जातो तेव्हा टोपी काढतो, घरी आला की टोपी घालतो.’’ त्या दिवसापासून वहीतल्या रेघा थांबल्या आणि परातीतल्या सुरू झाल्या. प, र, त, व, स, हीही अशीच टोपीवाली. खरी भांडखोर अक्षरं निराळी. क, ख, च, ज, झ, फ, ल, आणि स्वरांत अ, इ. त्यांना आम्ही सरळ ‘दोन नावांचे दोन मित्र’ म्हणून वेगवेगळ्या दिवशी भेटवलं. गुजराती पाचाचा आकडा ‘प’सारखा आणि दोनाचा ‘र’सारखा दिसतो, तिथे अजूनही घोळ होतो. होऊ दे.

आकाराचा प्रश्न असा सुटला. आवाजाचा सुटलेला नाही, आणि तोच मला मोठा वाटतो. मराठीतल्या च, ज, झ यांना दोन-दोन आवाज आहेत. चिमणीतला च टाळूला लागतो, चमच्यातला च दातांमागे. ‘चार’ म्हणजे चाराचा आकडा आणि ‘गाईला चार’ म्हणजे खायला घाल, लिहायला एकच, म्हणायला दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, तसंच. कोणत्याही पुस्तकात यासाठी वेगळं अक्षर नाही. पंतोजींनी ते कधी शिकवलं नाही, सयाजीरावांच्या शाळेनेही नाही, कारण शिकवायची गरज नव्हती. मूल शाळेत येण्याआधीच ते आईच्या तोंडून घेऊन यायचं. गुजरातीत दातांमागचा च-ज नाही. आमच्या धाकटीचा चमचा टाळूला लागतो, तिचे जोशीकाकाही टाळूला लागतात, आणि ‘ज्ञानेश्वर’ म्हणताना तिच्या तोंडून शाळेतला ‘ग्न’ निघतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या सहवासात मुलांचा ‘ळ’ जातो, ‘काळा’चा ‘काला’ होतो; गुजरातीत ‘ळ’ आहे, म्हणून तो आपल्याकडे टिकला. हैदराबादच्या आपल्या लोकांना तेलुगूमुळे दुहेरी च-ज सोपा जातो. प्रत्येक गावाने एकेक आवाज सांभाळला आणि एकेक घालवला, असं दिसतं.

आकार कोणतंही पुस्तक देईल, आता तर मोबाइलही देतो. चमच्यातला च मात्र आमच्या घरात एकाच माणसाच्या तोंडात शंभर टक्के शाबूत आहे, आणि ते माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचं आहे. माझाही ऑफिसात दिवसभर गुजराती बोलून घसरतो. हिने मला तसं दोनदा पकडलं आहे. म्हणून संध्याकाळी परात घेऊन बसण्याचं काम मी आईकडे दिलं. मी फक्त रवा पसरतो. आई झाड, झोप, चूल, चाळणी, जावई असे शब्द एकामागून एक घेते, धाकटी बोटाने पहिलं अक्षर काढते आणि आई तिच्या तोंडाकडे बघत बसते. चुकलं तर ‘चूक’ म्हणत नाही, शब्द पुन्हा स्वतः म्हणते. धाकटी पुन्हा म्हणते. ‘चाळणी’ आता जमते. ‘जोशीकाका’ आठवड्यातून तीन दिवस जमतात.

गेल्या चतुर्थीला नैवेद्याच्या डब्यांवर नावं लिहायचं काम तिने मागून घेतलं. खिरापत आणि पंचामृत तिला झेपण्यासारखं नव्हतं, ते मी लिहिलं. तिने एक चिठ्ठी लिहून मोदकांच्या डब्यावर चिकटवली. मोठ्या अक्षरांत ‘मोद’ लिहिलेलं, दोन्हीवर ठसठशीत रेघ, मो ला काना आणि मात्रा जागच्या जागी. शेवटचा ‘क’ मात्र गुजराती, बिनटोपीचा. मी खोडरबर आणायला उठलो, तर आईने हात धरून खाली बसवलं आणि डबा तसाच देवापुढे नेऊन ठेवला.